कोचाच्या पोटातला हिरवा

सिद्धारामअण्णांच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, असं त्यांच्या बायकोचं, नागव्वाचं, म्हणणं होतं. ‘तुम्हाला रंगातलं कळतं’ असं कधीतरी कुणीतरी त्यांना म्हणालं आणि ते त्यांनी खरं मानलं.

तसं मानायला कारणही होतं म्हणा. अण्णा सोलापुरातल्या एका गिरणीत रंगखात्यात कारकून होते. रंगवलेल्या सुताचा तुकडा वहीत चिकटवायचा, खाली नंबर घालायचा, तारीख टाकायची आणि रंगमास्तरांची सही घ्यायची, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. या एकोणीस वर्षांत त्यांनी स्वतः हातरुमालसुद्धा रंगवला नव्हता. पण वह्या चाळून चाळून त्यांच्या डोळ्याला एक खोड लागली होती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते भातावरच्या वरणाकडे बघून म्हणायचे, “हा पिवळा आमच्याकडे पास झाला नसता.” आचारी त्यांना वाढताना हात आखडता घेत तो उगाच नाही.

आता कोचाचं सांगतो. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यात अण्णांना एक कोच मिळाला. हिरव्या मखमलीचा, सिंहाचे पाय असलेला, तिघं ऐसपैस बसतील एवढा. घरी आणला तेव्हा गल्लीतली पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे बघायला आले. पहिले चार दिवस त्यावर कुणी बसलंच नाही. नागव्वा रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवायची आणि नंतर खाली जमिनीवर बसून भाजी निवडायची. जमीन मातीची, शेणानं सारवलेली. भिंती चुन्याच्या. त्या खोलीत तो कोच म्हणजे खेडवळ वऱ्हाडात शिरलेला मामलेदार वाटे, पण तीन वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते बार्शीहून शिवम्माला स्थळ आलं तेव्हा.

शिवम्मा ही त्यांची एकुलती एक मुलगी. सातवी पास झालेली, आणि घरात येणारा कागदाचा कपटा नि कपटा वाचून काढणारी. वाण्याची पुडी सोडवली की तिच्या हातातला गूळ बाजूला राही आणि ही आपली पुडीच वाचत उभी. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती, तेव्हा तिनं हूं का चूं केलं नव्हतं. पण बार्शीचा मुलगा, चन्नवीर, शाळेत मास्तर आहे आणि त्याला वाचणारी बायको हवी आहे, हे ऐकल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी वडलांना ताट वाढताना हळूच विचारलं, “अप्पा, बार्शीत वाचनालय असतंय का?”

अण्णांनी घास तसाच ठेवला. पोरगी बोलली! नागव्वानं चुलीपुढून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नागव्वाकडे पाहिलं, आणि हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्या दोघांचं एक अक्षरही न बोलता ठरलं.

मंडळी महिन्यानं, मार्गशीर्षात यायची होती. नागव्वा म्हणाली, “चुन्याचा एक हात मारू, जमीन झकास सारवू, दारात रांगोळी घालू. झालं की.”

“आणि कोच?” अण्णा म्हणाले.

“कोचाचं काय? हाय की तो.”

“हाय की तो! अगं, हिरव्या मखमलीला शेणाची जमीन शोभते का? मास्तर माणूस येतोय. त्याला दिसायला नको का, की इथं रंगाची जाण असलेली माणसं राहतात?”

मास्तराला पोरगी बघायची आहे, जाण नव्हे, असं नागव्वाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही. नंतर बरेच दिवस ती स्वतःला याबद्दल दूषण देत होती.

कामाला सुरुवात करायची तर आधी नमुना हवा. रंगखात्याचा नियमच तसा. अण्णांनी कात्री घेतली, पण कोचाच्या दर्शनी मखमलीला कात्री लावायचा धीर होईना. मग ते जमिनीवर उताणे झाले, सरकत सरकत कोचाखाली गेले आणि तिथं पोटाशी आत दुमडलेल्या मखमलीचा दोन बोटं तुकडा कापून, कोळिष्टकं पुसत बाहेर आले. केवढी हुशारी! कुणाला कळणारसुद्धा नाही. तो तुकडा त्यांनी कोऱ्या वहीत चिकटवला, नंबर एक घातला, तारीख टाकली आणि सहीला कुणी रंगमास्तर नव्हता म्हणून शेजारच्या मायाप्पा हवालदारांची सही घेतली.

मायाप्पा पोलिसातून पेन्शनीत आलेले. सही केली म्हणजे सल्ला द्यायचा हक्क मिळाला, अशी त्यांची समजूत. “अण्णा, माझं ऐका. शहाबादी टाका. फौजदार कचेरीत शहाबादी हाय. वीस वर्षं बूट आपटले आमी, टवका उडाला न्हाय.”

“पण हवालदार, शहाबादी काळपट. कोच हिरवा.”

“मग कोच काळा करा की!”

पलीकडची केराबाई म्हणाली, हिरवी भिंत घराला चांगली, पण अमावास्येच्या आत रंगवा. तिच्या भाच्यानं अमावास्येला दार रंगवलं आणि महिन्याभरात त्याची बदली मंगळवेढ्याला झाली. तिच्यामागून दोघंतिघं येऊन गेले. प्रत्येकाला अण्णा वही उघडून तुकडा दाखवत, आणि प्रत्येक जण तो बोटानं चोळून “वा, मऊ हाय” असं म्हणे. रंगाबद्दल कुणी बोलेना.

भिंतींना कोंडीबा रंगारी आला. चुन्यात पिवडी घालावी, नीळ घालावी आणि हवा तो हिरवा काढावा, ही त्याची बापापासूनची रीत. अण्णांना ती अडाणी वाटली. त्यांनी रंगमास्तरांच्या हातापाया पडून गिरणीतल्या हिरव्या रंगाची एक पुडी मिळवली. “हे बघ कोंडीबा. या रंगाचं सूत दहा वेळा धुतलं तरी उतरत नाही.”

“सुताचं निराळं, अण्णा. चुना रंग खातोय.”

“चुना पानातला खातात रे. तू कालव.”

कोंडीबानं कालवलं. भिंतीवर पहिला हात बसला तेव्हा काय तो रंग! ओल्या भिंतीपुढे वही धरून अण्णा अर्धा तास उभे होते. सगळं घर बोलावलं, हवालदारांना बोलावलं. सकाळी उठून पाहतात तर भिंत वाळलेली, आणि तिचा रंग तापकऱ्याच्या जिभेसारखा. गिरणीचा पक्का रंग चुन्यानं एका रात्रीत खाऊन टाकला होता.

“मी म्हनलं व्हतं,” कोंडीबा म्हणाला. हे वाक्य त्यानं पुढे आठवडाभर, बादली उचलताना आणि ठेवताना, असं दोन्ही वेळा म्हटलं. मग मुकाट्यानं पिवडी आली, नीळ आली. तीन हात झाले. रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीशी वही धरून अण्णा तपासायचे, ‘किंचित कमी’, ‘किंचित जास्त’ असं लिहायचे आणि खाली कोंडीबाचा अंगठा घ्यायचे. चौथ्या हाताला भिंत आणि तुकडा एक झाले. कुठं भिंत संपते आणि कुठं तुकडा सुरू होतो ते कळेना. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं थोडं चुन्याचंही असेल.

फरशी मुंबईची. रंगीत, गुळगुळीत, नवीनच निघालेली. तुकड्याचा तुकडा कापून त्यांनी पाकिटातून मुंबईला पाठवला होता. हिरव्या फरश्या गवतात गुंडाळून मालगाडीनं आल्या, गवंड्यानं बसवल्या, घोटल्या. खोली तळ्यासारखी चकाकू लागली. फक्त एक झालं. फरशी आणि तिच्याखालचा भराव मिळून जमीन चांगली वीतभर वर आली, उंबरा चढवावा लागला आणि दारापुढे एक पायरी जास्तीची बांधावी लागली. ती पायरी गटारावर गेली.

तिसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीचा माणूस टेप घेऊन हजर. त्यानं पायरी मापली, गटार मापलं, आणि पायरीवर बसूनच अर्जाचा नमुना पुढे केला. पायरी कशासाठी, या रकान्यात अण्णांनी प्रामाणिकपणे सगळी हकिगत लिहिली, मुलीच्या स्थळापासून मखमलीपर्यंत. कागद पुरला नाही म्हणून पुरवणी जोडली. त्या माणसानं ती शांतपणे वाचली.

“अर्ज कमिटीपुढं जाईल. दीड महिना लागतो. तोवर पायरी काढावी लागेल.”

“अहो, पाहुणे रविवारी येणार!”

“मग रविवारी पाहुण्यांना सांभाळून उतरवा,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पायरी फोडायला आलेल्या बिगाऱ्यांना त्यानं भिंतीला हात लावू नका म्हणून बजावून सांगितलं होतं. शेवटी अण्णांनी गिरणीतलं रंगाचं रिकामं खोकं पायरी म्हणून ठेवलं. अर्थात त्यालाही आधी चार हात हिरवा दिला.

शनिवारी सकाळी, इतके दिवस हवालदारांच्या पडवीत ठेवलेला कोच चौघांनी उचलून आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. अण्णा दोन पावलं मागं सरले. मग आणखी दोन. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

कोच हिरवा नव्हताच.

म्हणजे कधीकाळी असेल. साहेबाच्या बंगल्यात किती वर्षं आणि इथल्या खिडकीत तीन वर्षं ऊन खाऊन मखमल विटून गेली होती. वाळलेल्या कडब्याचा रंग म्हणा ना. शेणाच्या जमिनीवर, चुन्याच्या भिंतींपुढे ती हिरवी दिसत असे, कारण तिथं दुसरं काही हिरवं नव्हतंच. अण्णांनी नमुना घेतला होता तो कोचाच्या पोटातला, जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं. ज्या रंगाकडे अख्ख्या जन्मात कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्याशी सगळी खोली तंतोतंत जुळली होती.

हवालदारांनी खाली वाकून पाहिलं आणि ते म्हणाले, “उलटा करून ठेवला तर?”

नागव्वानं कपाटातून चादर काढली आणि कोचावर घातली. चादर चांगली जाड, लालनिळी, आपल्या सोलापूरचीच. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो कोच असा झाकला गेला. आता खोलीत जुळण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून अण्णांची नजर शिवम्माकडे वळली.

“पोरीला हिरवं नेसव.”

“अवो, तिला लाल इरकल कसलं खुलतंय. मी घडी काढून ठेवलीय.”

“लाल? या भिंतीपुढं? डोळ्यात खुपेल!”

“मी हिरवं नेसते, अव्वा,” शिवम्मा म्हणाली. वडलांचा उतरलेला चेहरा तिनं सकाळपासून पाहिला होता.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील रेवणसिद्धप्पा, मुलाची आई, आणि चन्नवीर. थंडी कडाक्याची पडली होती. रेवणसिद्धप्पांना अण्णांनी एका बाजूनं आणि हवालदारांनी दुसऱ्या बाजूनं धरून खोक्यावर चढवलं. तिघांनी बाहेर वहाणा काढल्या, आत पाय टाकला आणि तिघंही दारातच थबकले.

“घसरत नाही, या!” अण्णा म्हणाले. ते ऐकून मंडळी जास्तच जपून आली. रेवणसिद्धप्पा कोचावर टेकले, म्हणजे चादरीच्या काठावर. आई भिंतीला धरून बसली. चन्नवीर खुर्चीवर बसला आणि जमिनीकडे बघू लागला. उंच, लाजरा, चांगला मुलगा. अण्णांना तो पाहताक्षणी आवडला.

मग शिवम्मा पोहे घेऊन आली. हिरवं लुगडं नेसून हिरव्या फरशीवरून ती आली आणि हिरव्या भिंतीपाशी पाटावर बसली. आधी तर मुलाच्या आईचं तिच्याकडे लक्षच जाईना. “मुलगी बोलवा की,” ती म्हणाली, आणि नागव्वाला हातानं दाखवावं लागलं. शिवाय चारी बाजूंनी हिरवा उजेड पडून सगळ्यांचीच तोंडं उतरल्यासारखी दिसत होती. आईनं शिवम्माकडे निरखून पाहिलं आणि मायेनं विचारलं, “पोरीला ताप येऊन गेला का हो?”

“छे! ठणठणीत आहे,” अण्णा म्हणाले. “तो उजेडाचा... म्हणजे रंगाचा गुण आहे. हा रंग कसा साधला माहीत आहे का तुम्हाला?” आणि त्यांनी वही काढली.

हे त्यांनी करायला नको होतं. ते आजही तसं म्हणतात. वही अर्धा तास चालली. चुना झाला, पिवडी झाली, मुंबई झाली. शिवम्मानं पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं, मास्तराच्याच सांगण्यावरून, फार गोड वाचलं. ते संपताच अण्णांनी फरशीच्या घोटाईचं राहिलेलं सांगून टाकलं.

आठ दिवसांनी बार्शीहून पत्र आलं. अण्णांनी ते उभ्या उभ्या वाचलं. पाहुणचाराबद्दल आभार होते. घराची तोंड भरून स्तुती होती, फरशीबद्दल तर पाच ओळी. आणि शेवटी, ‘मुलगी सुस्वभावी आहे, परंतु आमचे घर साधे असल्याने योग दिसत नाही’.

अण्णा दुसऱ्याच दिवशी रजा काढून निघाले. कुर्डुवाडीला उतरून बार्शीची लहान गाडी धरली आणि वाटभर मनातल्या मनात बोलायचं घोकत राहिले.

रेवणसिद्धप्पांचं घर दोन खणांचं. त्यांनी आदरानं बसवलं, गूळपाणी दिलं. “अण्णा, राग मानू नका. तुमच्याकडून आल्यापासून ही सारखी म्हणती, आरशासारख्या जमिनीवर वाढलेली पोरगी, आपल्या शेणामातीत कशी नांदायची? हितं येऊन ती रडंल, आन् तिच्या रडण्याचं पाप आपल्याला.”

“अहो, आमची जमीनसुद्धा महिन्यापूर्वी सारवलेलीच होती! जन्म गेला तिचा त्याच जमिनीवर!”

“मग काढलीत कशापायी?” रेवणसिद्धप्पांनी अगदी सरळ मनानं विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं. ‘कोचाला जुळावी म्हणून’ हे शब्द त्यांच्या जिभेवर आले आणि बाहेर पडेनात. एकोणीस वर्षं रंग तपासलेल्या माणसाला त्या साध्या घरात बसून ते म्हणवेना.

“आता फरशी काढून टाकतो म्हणालो तर?” ते शेवटी म्हणाले.

रेवणसिद्धप्पांना वाईट वाटलं. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. “काल नातेपुत्याच्या मंडळींबरोबर सुपारी फुटली, अण्णा. शब्द गेला.”

चन्नवीर त्यांना पोचवायला स्टेशनापर्यंत आला. गाडी आली तेव्हा तो अडखळत म्हणाला, “एक सांगू का? त्या दिवशी मी तुमच्या मुलीचा चेहरा नीट पाहिलाच नाही. फरशीवरून पाय सरकेल या भीतीनं सगळा वेळ खालीच बघत होतो.” मग म्हणाला, “वाचतात मात्र फार छान. तेवढं ऐकलं मी.”

अण्णा गाडीत खिडकीशी बसले. डोळ्यांत कोळशाचे कण गेले म्हणून ते कुर्डुवाडीपर्यंत धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, असं त्यांचं म्हणणं.

घरी आले तेव्हा नागव्वानं तोंडाकडे पाहून काय ते ओळखलं आणि ती चुलीकडे गेली. शिवम्मानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली.

“दुसरीकडं ठरलं त्यांचं,” पाणी पिऊन अण्णा म्हणाले.

“मला त्याच दिवशी कळलं होतं, अप्पा.”

“ते कसं?”

“मी पण खालीच बघत होते की. त्यांचे पायच तेवढे दिसत होते मला. फरशी गार पडली होती. त्यांनी बोटं अशी आत मुडपून घेतली होती आणि एका पायावर दुसरा पाय ठेवत होते.” तिनं आपल्या पायाची बोटं तशी मुडपून दाखवली. “सारखं वाटत होतं, उठावं आणि त्यांच्या पायाखाली घोंगडं टाकावं.”

“मग टाकलं का नाहीस गं, पोरी?”

“रंगाला विजोड दिसलं असतं की, अप्पा,” शिवम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिनं आपलं खरं कारण सांगितलं आणि रिकामा तांब्या उचलून ती आत गेली.

अण्णांनी मान खाली घातली, तर खाली ती फरशी.